चावली तर पारा, गिळली तर अमृत?

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज तीन जणांनी टाकला. मामांनी, मावसबहिणीने आणि न्यू जर्सीतल्या चुलतभावाने. खाली नेहमीचं ‘पुढे पाठवा, पुण्य मिळेल’. मजकूर थोडक्यात असा : तुळस चोवीस तास ऑक्सिजन आणि ओझोन सोडते. तिच्या पानांत पारा असतो, त्याने दात जातात, म्हणून पान चावू नये, गिळावं. दारात तुळस असली की डास फिरकत नाहीत. मोबाइलचं रेडिएशन ती शोषून घेते. कुठलाही ताप, अगदी डेंग्यूसुद्धा, तिच्या काढ्याने उतरतो. आणि घरावर संकट येणार असलं की तुळस आधी सुकते. शेवटी ‘आपल्या ऋषींना हे हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होतं, नासाला आत्ता कळलं’.

मी कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि रोज सकाळी आंघोळ झाली की तुळशीला पाणीही घालते. तेव्हा मी धर्मबुडवी आहे की काय, ही शंका आधीच बाजूला ठेवा. मला राग येतो तो तुळशीच्या नावावर काहीही खपवण्याचा.

ऑक्सिजनपासून सुरुवात करू. झाड ऑक्सिजन सोडतं ते प्रकाशसंश्लेषण करताना, आणि त्याला उजेड लागतो. अंधार पडला की तुळसही तुमच्या-आमच्यासारखी नुसता श्वास घेते, म्हणजे ऑक्सिजन वापरते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. यावर कुणीतरी हमखास म्हणतं, ‘पण काही झाडं रात्रीसुद्धा काम करतात ना?’ करतात. कोरफड, अननस, निवडुंग ही मंडळी रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात. ऑक्सिजन मात्र तीही ऊन आल्यावरच तयार करतात. तुळस तर त्या जातीतलीही नाही. आणि दिवसाचं म्हणाल, तर कुंडीतली चांगली घेरदार तुळस दिवसभर उन्हात उभी राहिली तरी, पानांच्या क्षेत्रफळावरून मी केलेल्या ढोबळ हिशेबाने, दोन-तीन लिटर ऑक्सिजन देईल. झोपलेल्या एका माणसाला आठ तासांत शंभर लिटरच्या आसपास लागतो. खिडकी उघडा, ते बरं.

याच दाव्याला पुरावा म्हणून ताजमहालाचा दाखला देतात, की तिथे लाखो तुळशी लावल्या आणि हवा शुद्ध झाली. तुळशी लावायची मोहीम २००९ मध्ये निघाली होती खरी. पण त्याआधीच, ३० डिसेंबर १९९६ ला, सर्वोच्च न्यायालयाने त्या भागातल्या कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांना गॅसवर या नाहीतर तिथून हला असं बजावलं होतं. धूर कमी करायचा तर धुराडी बंद करावी लागतात, एवढं त्यावरून दिसतं.

ओझोनचं तर विचारूच नका. आकाशात उंचावर तो आपली छत्री, पण जमिनीलगत तो फुप्फुसांना चुरचुरणारा वायू. आपल्याकडच्या हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकात तो प्रदूषक म्हणून मोजतात. तुळस ओझोन सोडत नाही. सोडत असती तर ती मी झोपायच्या खोलीच्या खिडकीत ठेवली नसती.

आता पारा. हा दावा मला सगळ्यांत मजेशीर वाटतो, कारण तो स्वतःच्याच पायात पाय घालून पडतो. पानात खरोखर घातक इतका पारा असेल, तर चावला काय आणि गिळला काय, जाणार पोटातच! दात वाचले आणि मूत्रपिंडं गेली, हे कसलं शहाणपण? झाडात पारा आलाच तर तो दूषित मातीतून किंवा हवेतून येतो. तुळस तो स्वतः बनवत नाही. आणि दातांचीच काळजी असेल तर हे ऐका : जुन्या पद्धतीच्या चंदेरी फिलिंगमध्ये, ज्याला डेंटिस्ट अमाल्गम म्हणतात, वजनाने जवळपास निम्मा पाराच असतो. तो थेट दातातच भरत आले आहेत.

पानात खरं काय असतं ते सांगते. एक पान बोटांत चुरडून नाकाशी धरा. तो तिखटसर, लवंगेसारखा वास येतो ना, तो युजेनॉलचा. लवंगेच्या तेलात तोच असतो आणि डेंटिस्टच्या खोलीत शिरल्याबरोबर जो वास येतो तोही बराचसा त्याचाच, कारण दाढ तात्पुरती भरताना झिंक ऑक्साइडबरोबर युजेनॉल कालवतात. म्हणजे ज्या पानाने दात जातात म्हणता, त्यातलाच पदार्थ दात बसवायला वापरतात.

माझी आजी तुळस चावू देत नसे. तिचं कारण तीन शब्दांचं होतं : ‘आईला चावतात का?’ तीर्थाबरोबर हातावर आलेलं पान आम्ही मुकाट गिळायचो. हे कारण मला आजही पटतं, कारण ते श्रद्धेचं आहे आणि श्रद्धेचं म्हणूनच सांगितलेलं आहे. त्याला पाऱ्याचा टेकू कुणी आणि कशाला लावला?

आपण तुळस खातो तीही बहुतेक अशीच, मोजून. नैवेद्याच्या ताटावर एक पान, पंचामृतात एक, सर्दी झाली की चहात आल्याबरोबर चार. फोडणीत घालायचा आपल्याला धीर होत नाही. थायलंडमध्ये मात्र हीच तुळस, जात अगदी हीच, मूठमूठभर शिजवतात. तिला तिथे कफ्राव म्हणतात. लसूण आणि मिरच्या कुटून तेलात टाकायच्या, त्यावर खिमा परतायचा, आणि आच बंद करता करता ओंजळभर पानं घालायची. गरम भात, वर तळलेलं अंडं. फाट कफ्राव नावाचा हा पदार्थ तिथल्या रस्त्यारस्त्यावर मिळतो आणि लोक तो व्यवस्थित चावून खातात. त्यांचे दात जागेवर आहेत. (आपल्या फालुद्यातला सब्जा तुळशीच्या सख्ख्या बहिणीचं बी. त्याच्याविषयी अजून कुणी अफवा पिकवलेली नाही, हे नशीब.)

डासांच्या दाव्याला मात्र इतिहास आहे, आणि तो आपल्या मुंबईचा आहे. जॉर्ज बर्डवुड हे एकेकाळी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांचं एक पत्र १९०३ च्या मे महिन्यात लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये छापून आलं. भायखळ्याचा व्हिक्टोरिया गार्डन, म्हणजे आपली राणीची बाग, तयार होत असताना तिथल्या कामगारांना डासांनी हैराण केलं होतं. हिंदू व्यवस्थापकांच्या सल्ल्याने बागेच्या कडेने तुळस लावली, आणि डास हटले, ताप गेला, असं त्यांनी लिहिलं. तुळशीवरच्या कितीतरी लेखांत हे पत्र आजही सापडतं.

पण तारखा लावून बघा. बाग उघडली १८६२ मध्ये. बर्डवुड मायदेशी परतले ते त्याच दशकाच्या अखेरीस. म्हणजे पत्र लिहिलं चाळीस वर्षांनंतर, आठवणीतून. डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत दिसला तो १८९७ मध्ये. त्याआधी ताप आणि डास यांची सांगड घालून मोजदाद कोण ठेवणार? शिवाय बाग करायची म्हणजे जमीन भरून घ्यायची, पाण्याला वाट करून द्यायची. डबकी गेली की डास जातात, मग कडेला तुळस असो की मेंदी. त्या पत्राच्याच सुमारास पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनमध्ये तुळशीच्या एका जवळच्या जातीची परीक्षा घेतली गेली. उभ्या रोपाने डास हटले नाहीत. पानं जाळून धूर केला तेव्हा हटले. पानातलं तेल काढून अंगाला लावलं तर थोडा वेळ उपयोग होतो, तेही खरं. पण नुसतं उभं रोप ते तेल अंगणभर फवारत बसत नाही.

उलट कुंडीखालची बशी बघा. रोज तांब्याभर पाणी घालायचं, ते निथळून बशीत साचतं. डेंग्यूच्या एडिस डासाला असंच स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात.

रेडिएशनचा दावा एका खऱ्या संशोधनाची शेपटी धरून आला आहे. मणिपाल इथे पी. उमादेवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुळशीच्या पानांतली ओरिएंटिन आणि व्हायसेनिन ही दोन द्रव्यं उंदरांना टोचली, मग त्यांच्यावर गॅमा किरण सोडले आणि काही प्रमाणात संरक्षण मिळतं असं दाखवलं. काम चांगलं होतं. मोबाइलच्या लहरींशी त्याचा संबंध नाही, कारण त्या गॅमा किरणांसारखे रेणू फोडत नाहीत. टेबलावरची कुंडी त्या लहरी लक्षात येण्याइतक्या शोषत नाही. शोषल्या असत्या तर आधी रेंज गेली असती.

तापाचा दावा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काढा मीही करते. तुळस, सुंठ, मिरी, दालचिनी, मनुका. आयुष मंत्रालयाने २०२० मध्ये सुचवलेला तो हाच. घशाला बरं वाटतं, घाम येतो, गरम पाणी पोटात जातं. माणसांवर झालेल्या तुळशीच्या २४ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातली साखर, ताण यांबाबत त्यातले निष्कर्ष बहुतेक तुळशीच्या बाजूचे आहेत. पण अभ्यास लहान, मात्रा निरनिराळ्या, मुदत बऱ्याच ठिकाणी तोकडी. त्यावरून ‘डेंग्यू उतरतो’ इथपर्यंत उडी मारायची म्हणजे अकलेवर तुळशीपत्र ठेवायचं झालं. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच पुढचे एक-दोन दिवस धोक्याचे असतात. त्या दिवसांत ‘काढ्याने गुण आला’ म्हणून घरी बसलेला माणूस थेट आयसीयूत पोचू शकतो. आणि साखर कमी करण्याचा गुण जर खरा असेल, तर मधुमेहाच्या गोळ्यांवर वरून तुळशीच्या कॅप्सूल घेणाऱ्याने डॉक्टरांना तसं सांगायला हवं. गरोदरपणी तर अर्क-कॅप्सूल नकोतच. चहातल्या चार पानांविषयी मी बोलत नाहीये.

राहिली सुकलेली तुळस. हा मेसेज आला त्याच आठवड्यात मावशीचा फोन. आवाज रडवेला. तुळस काळी पडून चाललीय, ओळखीच्या एकाने घरातल्या कर्त्या माणसावर गंडांतर असल्याचं सांगितलंय, शांत करायला पाच हजार मागितलेत. काकांची अँजिओप्लास्टी नुकतीच झालेली, त्यामुळे मावशी पैसे काढून आणायच्या बेतात. मी म्हटलं, थांब, मी येते.

प्लास्टिकची कुंडी, वरून सुरेख वृंदावन रंगवलेलं. माती उकरली तर वरच्या दोन बोटांत हळद-कुंकू, अक्षता, उदबत्तीची राख आणि पंचामृताचा चिकट थर. तळाचं भोक पार बुजलेलं. रोप हलकेच ओढलं तर अलगद हातात आलं, मुळं काळी आणि नासक्या पालेभाजीसारखा वास. फांद्यांवर मंजिऱ्या वाळून लोंबत होत्या. मंजिऱ्या वेळेवर खुडल्या नाहीत की तुळस सगळा जीव बियांत ओतते, खोड लाकडासारखं होतं आणि रोप उतरणीला लागतं. तसंही दोन-तीन वर्षांनी तिचं आयुष्य सरत येतंच. त्यात कार्तिकातली थंडी लागलेली, आणि भरीला रोज दोन तांबे पाणी.

‘मग गंडांतर?’ मावशीने विचारलं.

‘होतं की. तुळशीवर होतं.’

त्याच वाळक्या मंजिऱ्या आम्ही तळहातावर चोळल्या. मोहरीहून बारीक, तपकिरी बी निघालं. नव्या मातीच्या कुंडीत अर्धी माती, अर्धं शेणखत आणि थोडी वाळू घातली, बी वरच्यावर भुरभुरलं, वर चिमूटभर माती. पाणी तांब्याने नाही, हाताने शिंपडायचं, असं दोनदा बजावलं. हळद-कुंकू कुंडीच्या कडेला वाहायचं, मातीत नाही, हे तिने स्वतःच ठरवलं. नवव्या दिवशी सकाळी सहाला ग्रुपवर फोटो आला : दोन-दोन पानांचे सात कोंब, आणि कुंडीखाली बशी नव्हती.