‘१०८ लावा, बाकीचं मशीन बघेल’: एका मेसेजला उत्तर

गावागावांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: रुग्णवाहिकेसाठी १०८ लावलीत की तुमचं ठिकाण आपोआप कळतं, पत्ता सांगत बसू नका, गाडीतला ईसीजी थेट मोठ्या डॉक्टरांना दिसतो, निदान मशीनच छापतं, साप चावला तर फोटो काढा, ॲप ओळखेल, गाडीतल्या माणसाने आता नुसती बटणं दाबायची. एकेक घेऊ.

पत्ता आधी. टॉवरवरून काढलेलं ठिकाण किलोमीटर-दोन किलोमीटरने सहज चुकतं. देशावर ते एक वेळ खपेल, खाडीकाठी नाही. धोपाव्यातल्या फोनने पलीकडचा टॉवर पकडला तर ठिपका दाभोळात, म्हणजे गुहागर सोडून दापोली तालुक्यात. फेरीबोट बंद असेल तर गाडीला चिपळूणकडून वळसा. फोनचा जीपीएस बराच अचूक असतो, पण त्याला उघडं आकाश लागतं. माडा-पोफळीखालून नको, खळ्यात येऊन अर्धा मिनिट थांबा, मग लोकेशन पाठवा. नेट नसेल तर गाडीवरून फोन येईल त्या नंबरला अक्षांश-रेखांश एसएमएस करा. दशांशाची चार स्थळं दिलीत तर फरक दहा-अकरा मीटरचा. तरी तालुका, गाव, वाडी, जवळचा एसटी थांबा हे तोंडाने सांगाच. बौद्धवाडी, गुरववाडी, वरची वाडी कुठल्या गावात नाही? शिवाय गाडी साकवापाशी अडणार का, पाखाडीच्या पायऱ्या किती, स्ट्रेचर उचलायला चौघे आहेत का, हे उपग्रहाला दिसत नाही.

ईसीजीचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि मेसेजने सगळ्यात जास्त घोळ इथेच घातलाय. ईसीजी फोनवरून जातो, हे खरं. पण जातं ते गाडीतल्या माणसाने लावलेल्या दहा इलेक्ट्रोडचं चित्र. आपल्याकडच्या घामट हवेत ते सुटतात. आधी गॉजने त्वचा कोरडी करायची, केस असतील तर काढायचे. छातीवरच्या इलेक्ट्रोडपैकी व्ही-१ आणि व्ही-२ चौथ्या बरगडी-फटीत, उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, उजव्या-डाव्या कडेला. मग व्ही-४ पाचव्या फटीत, आणि त्यानंतर मधला व्ही-३. पहिले दोन वर सरकले की नसलेला दोष दिसू लागतो. दोन्ही हातांच्या वायरी उलटसुलट झाल्या तर लीड-१ (ईसीजीतल्या रेघांपैकी एक) उलटी येते. गाडी खड्ड्यांतून चालली असताना काढलेल्या ईसीजीच्या पट्टीवर मशीन वरच्या ओळीत काय वाट्टेल ते छापतं. दहा सेकंद गाडी उभी करावी लागते. ती छापील ओळ म्हणजे निदान नव्हे.

दुसरं, पट्टी दारातच काढा आणि तिथूनच पाठवा. कराडकडे कुंभार्ली, कोल्हापूरकडे आंबा. घाटात शिरल्यावर रेंजचा भरवसा नाही. पाठवण्याचा खरा उपयोग कुठे जायचं ते ठरवण्यात आहे. हृदयाची मुख्य नळी बंद पडल्याचं दिसलं आणि निदानापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन जवळच्याच रुग्णालयात, आणि मग पुढचा प्रवास. ही निवड पूर्वी रुग्णालयात पोचल्यावर व्हायची, आता अंगणात होऊ शकते. बदल आहे तो हा. त्यातही लीड-२, ३ आणि एव्हीएफ (हृदयाची खालची बाजू दाखवणाऱ्या रेघा) वर उचललेल्या दिसल्या तर व्ही-४ उजव्या बाजूला लावून पुन्हा पट्टी काढायची. हृदयाच्या उजव्या कप्प्यावर आघात असेल तर जिभेखालच्या गोळीने रक्तदाब कोसळू शकतो. ‘छातीत दुखलं की आधी गोळी’ हा सल्ला देणाऱ्यांनी हे वाचावं.

सापाचा फोटो? काढायच्या नादात दुसरा दंश होतो. मांजऱ्या (सौम्य विषाचा साप) आणि विषारी फुरसं यांत माणसंही गोंधळतात, धूसर फोटोवर ॲपही गोंधळेल. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी एकच असल्याने फोटोवाचून उपचार सहसा अडत नाहीत. फुरशा-घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासं झालंय का, हे कळतं जुन्या चाचणीने: नव्या, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त, २० मिनिटं अजिबात न हलवता, मग एकदा तिरकी करायची. प्लास्टिकची नळी चालत नाही, कारण गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शाने सुरू होते. साबणाने धुतलेलीही नको. हलत्या गाडीत ही चाचणी होत नाही. फोनचा उपयोग एवढाच, पण मोठा: दंशाची वेळ आणि पोचायची वेळ रुग्णालयाला आधी कळवणं, म्हणजे प्रतिसर्पविषाच्या कुप्या आहेत का ते तिथे तपासून होतं.

राहिली बटणं. महाराष्ट्रात १०८ मध्ये पायलटबरोबर, म्हणजे चालकाबरोबर, डॉक्टर असतात, आणि मशीन आल्याने त्यांचं काम वाढलंय. मॉनिटर, टॅब आणि फोन यांची घड्याळं दोन-चार मिनिटांनी वेगळी निघतात. ड्यूटीच्या सुरुवातीला जुळवली नाहीत तर ‘पट्टी कधी, इंजेक्शन कधी’ हा हिशोबच खोटा. हृदय बंद पडल्यावर छाती दाबताना खोली सांगणारा सेन्सरही फसतो: मऊ गादीवर तो छातीबरोबर गादीचं दबणंही मोजतो. आकडा ५ सेंटीमीटर दाखवतो, छाती त्याहून कमी दबलेली असते. पाठीखाली फळी सरकवायला हात लागतात.