ईमेलला लोगो असतो, सर

परवा एका काउंटरवर मला सांगण्यात आलं, की माझी ईमेल ही ईमेलच नाही.

प्रकरण साधं होतं. एका कंपनीची सेवा मी २०१६ साली रीतसर बंद केली होती. ‘आपली विनंती पूर्ण झाली आहे’ अशी ईमेलही त्यांनी पाठवली होती. आता इतक्या वर्षांनी त्यांच्या संगणकाला माझी आठवण झाली आणि थकबाकी निघाली. सेवा बंद केल्याचा पुरावा आणा, म्हणाले. नेला, लॅपटॉपसकट.

इथे थोडी स्वतःची टिमकी वाजवून घेतो. पहिल्या नोकरीपासूनची माझी एकूण एक ईमेल माझ्याच डिस्कवर आहे. मेलडिर पद्धतीने, म्हणजे एक ईमेल, एक फाइल. डॅनियल बर्नस्टीन यांनी क्यूमेल या आपल्या मेल-सर्व्हर प्रोग्रॅमसाठी ही पद्धत काढली तेव्हा बऱ्याच लोकांचे बरेच हाल संपले. त्याआधीच्या एमबॉक्समध्ये अख्खा पत्रव्यवहार एकाच लांबलचक फाइलीत असायचा, आणि नवं पत्र कुठे सुरू होतं हे ओळखायचं ‘फ्रॉम’ने सुरू होणाऱ्या ओळीवरून. मग मजकुरातलीच एखादी ओळ ‘फ्रॉम’ने सुरू झाली, तर गोंधळ नको म्हणून तिच्या कपाळावर एक बाण (>) ठोकायचा. जुन्या पत्रांत ते बाण अजून तसेच रुतलेले सापडतात. उपटायला कोणी जात नाही.

शोधायला माझ्याकडे नॉटमच आहे. कार्ल वर्थ यांनी २००९ मध्ये सुरू केलेला प्रोग्रॅम, आत झेपियन नावाचं शोधयंत्र. तो ना ईमेल आणतो, ना पाठवतो. असलेल्या ईमेलची सूची करून ठेवतो आणि मागितली की काढून देतो, बस. ‘त्यापेक्षा ग्रेप मारायचा ना,’ असं सांगणारे शहाणे नेहमी भेटतात. ग्रेप म्हणजे फाइलींत शब्द शोधणारा प्रोग्रॅम, १९७३ सालचा, गुणी, माझा लाडका. पण मराठी ईमेलपुढे तोही हात टेकतो. कारण ईमेल जन्माला आली तेव्हा इंग्रजी अक्षरांपलीकडे जग आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे आपलं देवनागरी बहुधा बेस-६४ नावाच्या बुरख्यातून प्रवास करतं. तीन बाइट्स घ्यायचे, त्यांची चार रोमन अक्षरं करायची. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नेमकं तीन बाइट्सचं, त्यामुळे शब्दाच्या सुरुवातीला मोजणी जुळली तर प्रत्येक चिन्ह ‘४केएस’ किंवा ‘४केडब्ल्यू’ने सुरू होतं. आईचं पत्र असो वा वसुलीची नोटीस, फाइलीत डोकावलं की सगळी एकजात तशीच. त्यात ग्रेपने ‘विनंती’ कुठून शोधावी? नॉटमच आधी बुरखा काढतो, मग सूची करतो.

तर मी काउंटरवर लॅपटॉप उघडला, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि २०१६ साल दिलं, एंटर मारला. समोरच्या मुलाची मान लॅपटॉपकडे वळायच्या आत ईमेल हजर.

त्याने ती बघितली. काळी खिडकी, पांढरी अक्षरं.

“सर, ही ईमेल नाही.”

“अहो, तुमच्याच कंपनीची आहे.”

“नाही सर, हे तुम्ही टाइप केलंय. ईमेलला लोगो असतो. कलर असतो.”

मी म्हटलं, थांबा. आणि त्याला आख्खे हेडर, म्हणजे ईमेलच्या डोक्यावरच्या एरवी न दिसणाऱ्या ओळी, दाखवले. ही ईमेल कोणत्या सर्व्हरवरून निघाली, कुठे कुठे थांबली, किती वाजून किती सेकंदांनी पुढे सरकली, ही बघा सगळी नोंद. हा तिचा मेसेज-आयडी, दुसऱ्या कुठल्या ईमेलला नसणारा. आणि हा खाली दिसतोय तो अक्षरांचा खच म्हणजे डीकेआयएम सही. तुमच्या सर्व्हरने, तुमच्या गुप्त किल्लीने केलेली. मजकुरातला एक शब्द बदलला तरी ही जुळणार नाही. (सही तपासायला लागणारी जुनी जाहीर किल्ली कंपनीने काढून टाकली असेल तर सही आज पडताळता येत नाही, हे खरं. पण ती किल्ली काढणारेही हेच.)

तो मन लावून वाचत होता. मला वाटलं, पटतंय.

“सर, ह्यात लोगो कुठंय?”

माझ्यामागे रांग वाढत होती. एक गृहस्थ खांद्यावरून वाकून म्हणाले, “द्या ना हो त्यांना लोगो.” जसा काही मी तो खिशात दाबून ठेवला होता.

ठीक आहे. ईमेलमध्ये साध्या मजकुराच्या जोडीला रंगीत एचटीएमएल भागही असतो. नॉटमच-शो या कमांडला त्या भागाचा क्रमांक दिला, निघाला तो भाग फाइलीत घातला, फाइल ब्राउझरमध्ये उघडली. निळा पट्टा आला, गोल कोपऱ्यांचं बटण आलं. आणि लोगोच्या जागी फाटक्या चित्राची ती केविलवाणी चौकट. कारण लोगो ईमेलमध्ये नव्हताच. होता फक्त कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता, आणि तिथून ते चित्र कंपनीनेच केव्हातरी उडवलेलं.

“लोगो तुम्ही काढलाय,” मी म्हणालो.

“मी नाही सर,” तो घाबरून म्हणाला. “मी मार्चमध्ये लागलो.”

ह्यावर काय बोलणार? इथे माझा आवाज चढला, आणि त्याचं मला आजही विशेष वाईट वाटत नाही. पोराचा दोष नव्हता हे मान्य. पण ज्यांनी त्याला तिथे बसवलं त्यांनी खरी ईमेल कशी ओळखायची हे एक वाक्य शिकवू नये? उद्या कोणी भामटा ठसठशीत लोगो लावून पासवर्ड मागेल, तर हाच पोरगा देऊन बसेल. लोगो चिकटवायला अक्कल लागत नाही. सही करायला किल्ली लागते.

शेवटी तो म्हणाला, “सर, आमच्या आयडीवर फॉरवर्ड करा ना.” मी मूळ ईमेल जशीच्या तशी जोडून पाठवली, सहीसकट, हेडरसकट, ईएमएल फाइल म्हणून. त्याने जोडपत्रावर माउस नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. “हे ओपन नाही करता येत, सर. व्हायरस असतो. साधं फॉरवर्ड करा.”

साधं फॉरवर्ड म्हणजे काय? माझ्या नावाने निघालेलं नवंकोरं पत्र. त्यात वर एक तुटक रेघ, खाली जुना मजकूर चिकटवलेला, ज्यातली तारीख, नाव, वाक्य, काहीही मला पाठवण्याआधी हवं तसं बदलता आलं असतं. सही गेली, वाटेतली नोंद गेली. पुरावा म्हणून तिची किंमत शून्य.

“हां, आता कशी ईमेल दिसतेय!” पोरगा खुलला. लोगो ह्यातही नव्हता, पण ती त्याच्या स्वतःच्या इनबॉक्समध्ये आली होती ना. त्याने प्रिंट काढली. प्रिंटर ब्लॅक अँड व्हाइट. वर ‘पडताळले’ असा शिक्का मारला, सही केली, आणि माझ्या खात्यावरची थकबाकी गेली.

“सर, फीडबॅकची ईमेल येईल. तेवढे पाच स्टार द्या.”

ती मी घरी पोचायच्या आत आली. वरपासून खालपर्यंत लोगो. नॉटमचमध्ये ईमेलला मनाला येईल तो टॅग लावता येतो. तिला मी लावलेला टॅग इथे लिहिण्यासारखा नाही.