नुसतं इंजिन बदलून ३०० चा वेग मिळत नाही

हाय-स्पीड रेल्वेचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: "ताशी ३०० किमीसाठी नवा मार्ग बांधायची गरजच नाही. फ्रान्सनं १९५५ मध्येच जुन्या रुळांवर ३३१ चा वेग गाठला होता. दमदार इंजिन जोडा, तोंड टोकदार करा, झालं. नवे मार्ग हे कंत्राटदारांचं कुरण. आणि मॅग्लेव्ह (चुंबकाच्या जोरावर अधांतरी धावणारी गाडी) आल्यावर चाकं तशीही भंगारात जाणार."

यातला आकडा खरा आहे. म्हणूनच हा मजकूर इतका पटतो.

तर आधी १९५५. बोर्दोच्या दक्षिणेला लांद भागातला जवळजवळ सरळसोट मार्ग, विजेचं इंजिन आणि मागे जेमतेम तीन डबे. ३३१ चा वेग गाठला, हे बरोबर. पण मजकुरात पुढचं येत नाही: गाडी गेल्यावर मागचे रूळ काही ठिकाणी सापासारखे वाकडेतिकडे झाले होते आणि पेंटोग्राफ (डोक्यावरच्या तारेतून वीज घेणारे छपरावरचे सांगाडे) उष्णतेनं वितळले होते. त्याच मार्गावरून त्याच वेगानं लगेच दुसरी गाडी सोडायची कोणाची छाती झाली असती?

रूळ वाकले कशानं? रेल्वेचं चाक सपाट नसतं, किंचित निमुळतं असतं, आणि दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात. आस डावीकडे सरकला की डावं चाक त्याच्या मोठ्या व्यासावर चालतं, थोडं पुढे जातं आणि आस परत मध्याकडे वळतो. कमी वेगात हीच करामत गाडीला रुळावर ठेवते. पण एका मर्यादेपुढे हे डावं-उजवं डोलणं शमत नाही, उलट वाढत जातं आणि चाकांच्या कडा रुळांवर घणासारख्या आदळतात. इंजिनाची ताकद वाढवली तर हा त्रास वाढतोच. जपानमध्ये हे कोडं सोडवण्यात तादाशी मात्सुदाइरा यांचा मोठा वाटा होता. ते आधी विमानांच्या कंपनांवर काम करणारे अभियंते. त्यांनी लक्ष घातलं ते डब्याखालच्या चाकांच्या चौकटीत, तिच्या स्प्रिंगांमध्ये आणि कंपनं शमवण्याच्या व्यवस्थेत.

ताकद ही अडचण नव्हती, याचा आणखी जुना पुरावा आहे. १९०३ मध्ये बर्लिनजवळ मारिएनफेल्डे ते त्सोसेन मार्गावर विजेच्या गाडीनं ताशी २१० किमी गाठले होते. त्याआधी १९०१ च्या चाचण्यांत १६० च्या आसपासच मार्गानं मान टाकली, म्हणून तो भारी रूळ घालून पुन्हा बांधावा लागला. आणि १ ऑक्टोबर १९६४ ला तोक्यो-ओसाका शिंकान्सेन (जपानची बुलेट ट्रेन) सुरू झाली तेव्हा तिचा कमाल वेग किती? २१०. मधली ६१ वर्षं मोटारीची वाट बघण्यात गेली नाहीत.

आता वळणं. या मजकुरात त्यांचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी खोट हीच. जुन्या मार्गावर १,००० मीटर त्रिज्येचं वळण काही विशेष नाही. त्यावरून ३०० नं जायचं तर बाहेर ढकलणारा जोर वजनाच्या सुमारे ७० टक्के होतो. तो पूर्ण तोलायला बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा ८० सेंटिमीटरहून जास्त उचलावा लागेल, आणि दोन रुळांमधलं अंतरच मुळी १,४३५ मिलिमीटर! प्रत्यक्षात ही उचल १८० मिलिमीटरच्या आसपास थांबते, कारण गाडी त्या वळणावर उभीही राहू शकते. म्हणून त्रिज्याच वाढवावी लागते. तोकाइदो, म्हणजे तोक्यो-ओसाका शिंकान्सेनची किमान त्रिज्या साधारण २,५०० मीटर धरली होती, पुढच्या सान्यो मार्गावर ४,०००. ते २,५०० इतके अपुरे पडले की एन-७०० गाड्यांना तिथे वेग टिकवण्यासाठी हवेच्या स्प्रिंगांनी अंग एका अंशानं कलवावं लागतं.

टोकदार तोंडाबद्दल फार लिहायची गरज नाही. १९९७ च्या ५०० मालिकेच्या शिंकान्सेनचं १५ मीटर लांब नाक प्रामुख्यानं बोगद्यासाठी आहे. गाडी वेगानं आत शिरली की पुढे दाबाची लाट धावते आणि दुसऱ्या तोंडाशी धडाका होतो, तो कमी करायला. खंड्याच्या चोचीवरून ते सुचल्याची गोष्ट खरी आहे, पण लोकांना ती वेगाची गोष्ट वाटते.

डोक्यावरच्या तारेचा मात्र कुणी विचारच करत नाही. वाळत घालायच्या दोरीला झटका दिला की लाट पळते, तशी पेंटोग्राफच्या दाबानं तारेत लाट उठते. गाडी त्या लाटेच्या वेगाजवळ पोचली की तार उसळते, ठिणग्या पडतात, वीज तुटते. म्हणून गाडीचा वेग लाटेच्या साधारण ७० टक्क्यांच्या आत ठेवतात आणि तार जास्त ताणतात. ३ एप्रिल २००७ ला टीजीव्हीनं, म्हणजे फ्रान्सच्या हाय-स्पीड गाडीनं, ५७४.८ चा विक्रम केला तेव्हा तारेचा ताण वाढवला होता, विजेचा दाब २५,००० वरून ३१,००० व्होल्टवर नेला होता, चाकं मोठी बसवली होती आणि गाडी अवघी पाच वाहनांची होती. हे सगळं झालं नव्या मार्गावर, आणि तिथे रोजच्या गाड्या ३२० नं धावतात.

खर्चाचा आक्षेप मी उडवून लावणार नाही. पहिल्या शिंकान्सेनचा खर्च इतका फुगला की रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो आणि मुख्य अभियंता हिदेओ शिमा यांना उद्घाटनाआधीच पायउतार व्हावं लागलं. आणि २०० पर्यंतचा वेग हवा असेल तर जुना मार्ग सुधारणं बऱ्याचदा शहाणपणाचं ठरतं: ब्रिटनची डिझेलवरची इंटरसिटी १२५ ही १९७६ पासून व्हिक्टोरियन काळातल्या मार्गांवर २०० नं धावली. टीजीव्हीसुद्धा शहरात जुन्याच रुळांवरून शिरते, फक्त वेग उतरवून. मजकूर लिहिणाऱ्यानं ३०० ऐवजी २०० लिहिलं असतं तर माझी फारशी तक्रार नव्हती.

राहता राहिलं मॅग्लेव्ह. जपानच्या चाचणीगाडीनं २०१५ मध्ये ६०३ गाठले, शांघायची गाडी २००४ पासून प्रवासी नेते आहे, पण तो मार्ग आहे ३० किमीचा. जुने रूळ वापरा म्हणणाऱ्यानं तिचं नाव घ्यावं हे नवलच, कारण तिला जुन्या रुळांवर एक मीटरही सरकता येत नाही.