एका सेंटला एक डॉलर

आमच्या शिकागोच्या मराठी ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद पेटला. कुणीतरी कुक काउंटीच्या, म्हणजे शिकागो ज्या जिल्ह्यात येतं त्याच्या, वैद्यकीय कर्जमाफीची (लोकांची थकलेली हॉस्पिटलची बिलं पुसायच्या योजनेची) बातमी टाकली आणि पाठोपाठ ठरलेले मेसेज आले. "म्हणजे आपल्या प्रॉपर्टी टॅक्समधून फुकट्यांची बिलं!" "तिकडे कर्जमाफी, इकडेही कर्जमाफी, मग वेळेवर भरणारा मूर्खच ना?" खाली अंगठ्यांची रांग. मी हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये नोकरी करते. दिवसभर हीच बिलं डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे गप्प बसवेना. ग्रुपवर एवढं लांब लिहिलं तर अ‍ॅडमिनकाका ओरडतात, म्हणून इथे लिहितेय.

आधी पैशाचं बोलू. हा पैसा आपल्या घरपट्टीचा नाही. कोविडनंतर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अमेरिकन रेस्क्यू प्लॅनखाली राज्यांना आणि स्थानिक सरकारांना ३५० अब्ज डॉलर वाटले. कुक काउंटीने त्यातले १ कोटी २० लाख डॉलर या कामाला काढले आणि जुलै २०२२ मध्ये तशी घोषणा केली. अशी योजना आखणारी देशातली ही पहिली काउंटी. लक्ष्य ठेवलं १ अब्ज डॉलरपर्यंतचं कर्ज पुसायचं. काउंटीची लोकसंख्या साधारण ५१ लाख. भागाकार करा, माणशी अडीच डॉलरसुद्धा येत नाहीत. शिकागोच्या देवॉन रस्त्यावरच्या देशी बाजारात यापेक्षा महाग चहा पितो आपण.

आता सव्वा कोटीत १ अब्जाचं कर्ज कसं फिटतं, हा खरा मुद्दा आहे आणि ग्रुपवर तो एकानेही विचारला नाही. ज्याचं बिल सहा-आठ महिने थकलं, तो पैसा बहुतेक येत नाही, हे हॉस्पिटलला अनुभवाने माहीत असतं. मग ते खातं बुडीत म्हणून नोंदवलं जातं आणि वसुली एजन्सीकडे जातं, किंवा अशा हजारो खात्यांचा गठ्ठा करून विकला जातो. गठ्ठ्याचा भाव डॉलरमागे एखादा सेंट, फार तर काही सेंट. विकत घेणारी कंपनी पुढे फोन करून, पत्रं पाठवून, कधी कोर्टात जाऊन पूर्ण रक्कम मागते. शंभरातल्या थोड्यांनी भरली तरी तिचा धंदा होतो.

याच धंद्यात आयुष्य घालवलेल्या दोघांनी, क्रेग अँटिको आणि जेरी अ‍ॅश्टन यांनी, २०१४ मध्ये आरआयपी मेडिकल डेट नावाची संस्था काढली. आता तिचं नाव अनड्यू मेडिकल डेट. देणग्या गोळा करायच्या, त्याच बाजारात त्याच भावाने गठ्ठे घ्यायचे आणि वसूल करायच्या ऐवजी फाडून टाकायचे, एवढंच त्यांचं काम. काउंटी याच संस्थेला पैसे देते. मग एकामागोमाग इतर गावंही या वाटेने गेली. ओहायोत टोलीडो शहराने ८ लाख आणि लुकास काउंटीने ८ लाख घातले, अंदाज होता २४ कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जाचा. न्यू ऑर्लिन्स, क्लीव्हलँड, पिट्सबर्ग यांनीही केलं. न्यूयॉर्क शहराने जानेवारी २०२४ मध्ये १ कोटी ८० लाख डॉलर जाहीर केले, २ अब्जांच्या कर्जासाठी.

म्हणून ते "तिकडे कर्जमाफी, इकडेही कर्जमाफी" हे वाक्य मला पटत नाही. महाराष्ट्रात २०१७ साली शेतकऱ्यांचं दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ झालं, तेव्हा जेवढी माफी तेवढे रुपये सरकारने बँकेत भरले. शंभराला शंभर. त्यावर भांडायचं तर जरूर भांडा. इथे शंभराला एक मोजलाय. आणि तो एक मोजल्यामुळे ज्या हॉस्पिटलच्या किंवा एजन्सीच्या पुस्तकात ती रक्कम होती, त्यांना एरवी मिळाले असते तेवढेच मिळाले.

कुणाचं माफ होतं? याला अर्ज नाही, खिडकी नाही, ओळख नाही. तुमचं खातं त्या गठ्ठ्यात असलं पाहिजे आणि घरातलं उत्पन्न केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या चौपटीच्या आत असलं पाहिजे, किंवा कर्ज वार्षिक उत्पन्नाच्या ५ टक्के किंवा त्याहून जास्त असलं पाहिजे. चौपट म्हणजे किती ते ऐका. चौघांच्या कुटुंबाला २०२५ च्या हिशोबाने १ लाख २८ हजार ६०० डॉलर. एकाच्या पगारावर चालणारी आणि दुसऱ्याचा वर्क परमिट अडकलेली किती मराठी घरं या रेषेच्या आत बसतात, ते ग्रुपमधल्या "फुकट्या"वाल्यांनी आपापल्या टॅक्स रिटर्नमध्ये बघावं. शिवाय थकबाकीदार सगळे विमा नसलेले असतात हाही गैरसमज. माझ्यासमोर येणारे कितीतरी जण विमा असलेलेच असतात. डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) पाच-सहा हजारांचं, जानेवारीत अपेंडिक्स फुटतं, आणि विमा कंपनी पहिला पैसा द्यायच्या आत यांची बचत संपलेली असते. देशभरात अशी किमान २२० अब्ज डॉलरची थकबाकी असल्याचा पीटरसन आणि केएफएफ या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थांचा अंदाज आहे. एवढे फुकटे कुठल्या देशात असतात हो?

एक तक्रार मात्र मला खरी वाटते. महिन्याला पन्नास-पन्नास डॉलर भरत राहणाऱ्या बाईचं खातं बुडीत ठरत नाही, म्हणून गठ्ठ्यात जात नाही, म्हणून माफही होत नाही. शेजारच्या घरातल्याने पत्रं न उघडता ड्रॉवरमध्ये टाकली, त्याला एक दिवस "तुमचं देणं संपलं" असं पत्र येतं. (तेही पुष्कळ लोक फसवणूक समजून फेकून देतात.) यावर माझ्याकडे उत्तर नाही. बाजारात जे विकायला येतं तेच घेता येतं, आणि हप्ते भरणाऱ्यांची खाती विकायला येत नाहीत.

तरी माझा या योजनेवरचा आक्षेप ग्रुपवाल्यांच्या नेमका उलटा आहे. त्यांना वाटतं सरकार फार देतंय. मला वाटतं सरकार फार उशिरा येतंय.

२०२४ च्या एप्रिलमध्ये एक अभ्यास आला. अर्थशास्त्रज्ञांनी याच अनड्यू संस्थेला बरोबर घेऊन ८३,४०१ लोकांचं मिळून १६ कोटी ९० लाख डॉलरचं कर्ज माफ झाल्यावर काय होतं ते तपासलं. चिठ्ठ्या टाकून काहींचं माफ केलं, काहींचं नाही, आणि दोन्ही गट पुढे बघितले. सरासरीने मनावरचा ताण हलला नाही. बाकीची थकबाकी कमी झाली नाही. आधीची उरलेली वैद्यकीय बिलं लोकांनी उलट थोडी कमीच भरली. अनेकांना याचा धक्का बसला, आमच्या ऑफिसात फारसा कुणाला बसला नाही. यातली पुष्कळ कर्जं इतकी जुनी होती की त्यांचा पाठपुरावाही थांबला होता. जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं. पहिल्या तीन महिन्यांत त्या माणसाने क्रेडिट कार्ड घासलेलं असतं, मावसभावाकडून उसने घेतलेले असतात, मधुमेहाच्या गोळ्या दिवसाआड केलेल्या असतात, पुढची तपासणी टाळलेली असते. क्रेडिट कार्डावर गेलेलं बिल मग वैद्यकीय कर्ज उरतच नाही, ते बँकेचं देणं होतं आणि कुठलीही काउंटी ते एका सेंटला घेऊ शकत नाही. एक सेंट हा भावच सांगतो की या कर्जातून निघायचं ते सगळं निघून गेलंय.

तर मग करायचं काय? बिलाचं कर्ज होण्याआधी अडवायचं. आणि त्यासाठी सरकारच्या हातात पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे करमाफी. इथली बहुतेक मोठी हॉस्पिटलं धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली आहेत, आणि घरपट्टी भरत नाहीत. २०१० मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने अर्बानातल्या प्रोव्हेना कव्हेनंट हॉस्पिटलच्या खटल्यात स्पष्ट केलं की नुसतं धर्मादाय म्हणवून चालणार नाही, गरिबांना पुरेसे मोफत उपचार दिल्याचं दिसलं पाहिजे, आणि ते दिसलं नाही म्हणून त्यांची घरपट्टीची सवलत नाकारली. मग २०१२ मध्ये राज्याने कायदा केला: जेवढी घरपट्टी वाचते, निदान तेवढ्या किमतीची सेवा दाखवा. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. आपल्याकडे ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. कागदावर दोन्हीकडे चोख व्यवस्था. दोन्हीकडे गरीब माणसाला ती नीट समजावून सांगणारं मात्र सहसा कुणी भेटत नाही.

इलिनॉयने त्यावर निदान एक पाऊल टाकलं. जुलै २०२४ पासून इथल्या हॉस्पिटलने विमा नसलेल्या रुग्णाच्या मागे वसुली लावण्याआधी तो सरकारी योजनेत किंवा हॉस्पिटलच्या आर्थिक मदतीत बसतो का, हे स्वतः तपासायचं आहे. नॉर्थ कॅरोलायना त्याहून पुढे गेलं, आणि मला विचाराल तर सगळ्यात शहाणपणाची चाल तीच. तिथल्या सरकारने हॉस्पिटलना सांगितलं, मेडिकेडचे, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचे, वाढीव दर हवेत ना? मग जुनं कर्ज तुम्हीच माफ करा, कमी उत्पन्नवाल्यांना सवलत त्यांनी न मागता द्या आणि थकबाकी क्रेडिट एजन्सीला (लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला) कळवू नका. २०२४ च्या ऑगस्टपर्यंत राज्यातल्या ९९ च्या ९९ हॉस्पिटलांनी सह्या केल्या. जवळपास २० लाख लोकांचं ४ अब्ज डॉलरचं कर्ज यात पुसलं जाईल असा तेव्हाचा अंदाज होता, पण मला त्या आकड्यापेक्षा "न मागता" हे दोन शब्द मोठे वाटतात.

कुक काउंटीवर मी चिडलेली नाही. काउंटी बोर्डाच्या अध्यक्ष टोनी प्रेकविंकल यांनी कोविडच्या पैशातून हे केलं, त्याच पैशात दुसऱ्या काउंट्यांनी काय काय केलं ते बघितलं तर हे फारच बरं. पण तो पैसा २०२४ अखेरपर्यंत कुठल्या ना कुठल्या कामाला बांधून टाकायचा होता आणि २०२६ अखेरपर्यंत खर्चायचा आहे. दुसरीकडे २०२५ च्या जुलैत केंद्राने मेडिकेडला कात्री लावणारा कायदा केला, त्याने २०३४ पर्यंत १ कोटी माणसं विम्याबाहेर जातील असं संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचं म्हणणं. म्हणजे गळणारा नळ मोठा होतोय आणि पुसायचं पोतेरं संपत आलंय.

गावाकडून कुणी वाचत असेल तर म्हणेल, "तुमच्याकडे निदान माफ करायला कर्ज तरी सापडतं." खरंय. आपल्याकडे आधी डिपॉझिट, मग बेड. हॉस्पिटलचं देणं उरतच नाही, कारण डिस्चार्जच्या आधी ते चुकतं केलेलं असतं. कर्ज असतं ते पतसंस्थेचं, गोल्ड लोनचं, मेव्हण्याचं, सावकाराचं, नाहीतर विकलेल्या अर्ध्या एकराचं. ते कुठल्या गठ्ठ्यात येत नाही आणि कुणी ते शंभराला एक या भावाने विकायला काढत नाही. म्हणून महाराष्ट्रात अमेरिकेसारखी योजना आणा असं जेव्हा कुणी उत्साहाने लिहितं, तेव्हा मला हसू येतं. तिथे जे काही करायचं ते दाखल होतानाच करावं लागतं: महात्मा फुले योजनेत हा आजार बसतो का, धर्मादाय कोट्यातली खाट रिकामी आहे का, आणि हे विचारायला कुठल्या टेबलाशी जायचं.

आता आपल्या घरचं. ग्रुपवर "फुकटे" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचे आईवडील दर उन्हाळ्यात इथे येतात. स्वस्तातली ठराविक रकमेची व्हिजिटर पॉलिसी घेतलेली असते, जी आयसीयूच्या एका दिवसाला ठरलेले पैसे देते आणि बाकीचं तुमच्यावर सोडते. बाबांच्या छातीत दुखायला लागतं, रात्री इमर्जन्सीत टॅबवर पाच सह्या घेतात, आणि त्यातली एक "पैशांची जबाबदारी माझी" अशी असते. ती वाचल्याशिवाय करू नका. उपचार त्या सहीवाचून अडत नाहीत. इमर्जन्सीत तपासणं आणि प्रकृती स्थिर करणं त्यांना कायद्याने भागच आहे.

आणि बिल आलंच, तर क्रेडिट कार्ड काढायच्या आधी हे करा. तपशीलवार बिल मागा. मग "फायनान्शियल असिस्टन्स"चा फॉर्म मागा. धर्मादाय हॉस्पिटलला केंद्राच्या कायद्याने तो ठेवावाच लागतो, आणि पहिलं बिल आल्यापासून २४० दिवसांपर्यंत तुमचा अर्ज घ्यावाच लागतो. पहिले १२० दिवस ते तुमच्यावर दावा लावू शकत नाहीत की क्रेडिट एजन्सीला कळवू शकत नाहीत. पगाराच्या स्लिपा आणि टॅक्स रिटर्न लागतं. लाज वाटून घेऊ नका, मोठ्या घरांतल्या लोकांचे अर्ज मी रोज बघते.

कुणाला फॉर्म भरताना अडलं तर इनबॉक्समध्ये लिहा, शनिवारी बघते. बिलाचा फोटो पाठवताना नाव आणि अकाउंट नंबर झाकून पाठवा. आणि अ‍ॅडमिनकाका, ही पोस्ट ग्रुपवर तुम्हीच टाका.