अर्ज एक, धावपळ वीस ठिकाणी

अमेरिकेत १९७५ मध्ये १५ खासगी महाविद्यालयांनी ‘कॉमन ॲप्लिकेशन’ हा प्रवेशाचा सामाईक अर्ज सुरू केला, तो विद्यार्थ्याला तीच माहिती पुन्हा पुन्हा भरावी लागू नये म्हणून. आज सदस्य महाविद्यालयांची संख्या हजारावर गेली आहे आणि एका खात्यातून २० ठिकाणी अर्ज करता येतो, म्हणून कितीतरी मुले भीतीपोटी अर्ज टाकत सुटतात. नामवंत महाविद्यालयांत जागा जवळपास तेवढ्याच राहतात, त्यामुळे प्रवेशाचा टक्का घसरतो, तो पाहून पुढच्या वर्षीची मुले अधिक धास्तावतात आणि आणखी अर्ज भरतात. या दुष्टचक्राचा मला मनस्वी संताप येतो. बरे, श्रम वाचतात म्हणावे, तर तेही नाही. ६५० शब्दांचा मुख्य निबंध संपला, तरी ‘आमच्याकडेच का?’ हा अनेक महाविद्यालयांचा स्वतंत्र प्रश्न उभाच असतो. माझी भाची रात्री एक वाजता त्याचे बारावे उत्तर लिहीत होती आणि आधीच्या महाविद्यालयाचे नाव मजकुरात चुकून राहिले नाही ना, हे पडद्यावर बोट ठेवून ओळीओळीने तपासत होती. ब्रिटनमधल्या ‘यूकास’ या विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक अर्जव्यवस्थेत पाचच पर्याय निवडता येतात, त्यामुळे विद्यार्थ्याला आधी नीट विचार करावा लागतो. मग वीसची ही मर्यादा खाली आणायला कोणीच का धजावत नाही?