‘सगळं अकॅड.एलएसपीत टाका’ हा सल्ला पाळू नका

सोलापुरातल्या ड्राफ्ट्समन मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “पीजीपी फाईलला हात लावू नका, ती बदलून काही होत नाही, शेवटी ऑटोकॅड पुन्हा टाकावं लागतं. सगळे शॉर्टकट अकॅड.एलएसपीमध्ये लिहा, फाईल ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये ठेवा, सिक्युअरलोड शून्य करा. कुठल्याही मशीनवर, प्रत्येक ड्रॉइंगला चालेल.” ऑटोकॅड हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर; पीजीपी ही त्यातल्या अलायसची, म्हणजे कमांडच्या छोट्या नावांची फाईल; अकॅड.एलएसपी ही ऑटोकॅडच्या लिस्प भाषेतल्या कोडची, आपोआप लोड होणारी फाईल; आणि सिक्युअरलोड ही अनोळखी कोड चालवण्याआधी विचारायची सेटिंग. आयटीआयमधून नुकतीच बाहेर पडलेली मुलं हे जसंच्या तसं करतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“पीजीपी बदलून काही होत नाही.” पुन्हा इन्स्टॉल करणं सोडाच, त्यासाठी ऑटोकॅड बंदही करावं लागत नाही. मॅनेज टॅबवरून एडिट अलायसेस उघडा, फाईलच्या तळाशी युजर डिफाइन्ड भागात आपली ओळ लिहा, सेव्ह करा, रीइनिट कमांड देऊन पीजीपीवर टिक करा. झालं. एकच अलायस दोनदा आला तर तळाचा चालतो, त्यामुळे वरच्या मूळ ओळी खोडायच्या नाहीत.

तरीही बदल लागू होत नसेल तर बहुतेक वेळा प्रोग्रॅम फाइल्समधली प्रत बदललेली असते. ऑटोकॅड वाचतं ती विंडोजमधल्या युजरच्या स्वतःच्या, म्हणजे रोमिंग फोल्डरमधली. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. तुम्ही ‘सीसी’ टाइप केलं की ऑटोकॅड आधी स्वतःच्या मूळ कमांड बघतं, मग लिस्पने बनवलेल्या, आणि पीजीपीतल्या अलायसची पाळी अगदी शेवटी येते. मशीनवर कुणी लिस्पमध्ये सीसी बनवून ठेवलं असेल, तर पीजीपीत सीसी म्हणजे कॉपी लिहा नाहीतर चॅम्फर लिहा, धावणार ती लिस्पच. म्हणजे मेसेज ज्या दुखण्याची तक्रार करतो, ते त्याच्याच उपायाने वाढतं.

“प्रत्येक ड्रॉइंगला चालेल.” नाही. अकॅडएलएसपीअ‍ॅझडॉक हे सेटिंगचं व्हेरिएबल मुळात शून्यावर असतं, म्हणून अकॅड.एलएसपी एका बैठकीत फक्त पहिल्या ड्रॉइंगला लोड होते. पहिल्या टॅबमध्ये तळमजल्याचा प्लॅन उघडला, शॉर्टकट चालला; दुसऱ्यात सेक्शन उघडला की ‘अननोन कमांड’. प्रत्येक ड्रॉइंगसाठी अकॅडडॉक.एलएसपी ही वेगळी फाईल आहे, ती नंतर लोड होते. त्यातही थेट कमांड चालवायच्या असतील तर त्या एस::स्टार्टअप फंक्शनमध्ये घाला, कारण या फाईली वाचल्या जातात तेव्हा ड्रॉइंग पुरतं तयार झालेलं नसतं.

“कुठल्याही मशीनवर.” ऑटोकॅड एलटीत, म्हणजे कमी सुविधांच्या स्वस्त ऑटोकॅडमध्ये, 2024 च्या आवृत्तीआधी लिस्प चालतच नाही. अलायस मात्र चालतात.

आता फोल्डर आणि सिक्युअरलोड. सगळ्यात घातक सल्ला हाच. अकॅड.एलएसपी नावाचेच व्हायरस वर्षानुवर्षं फिरतायत: ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये बसायचं, ड्रॉइंग उघडलं की चालायचं, पुढच्या फोल्डरमध्ये स्वतःची प्रत टाकायची. म्हणूनच 2014 च्या आवृत्तीपासून ड्रॉइंगच्या फोल्डरमधला कोड ऑटोकॅड आपणहून शोधत नाही, आणि विश्वासातल्या फोल्डरबाहेरची फाईल असेल तर आधी विचारतं. म्हणजे नव्या आवृत्तीत मेसेजची युक्ती मुळात लागूच पडत नाही, आणि सिक्युअरलोड शून्य केलं की ते विचारणंही बंद होतं. आपल्याकडे महापालिकेच्या मंजुरीचा नकाशा असो वा एमआयडीसीतल्या शेडचा, पेन ड्राइव्ह आर्किटेक्टकडून आरसीसीवाल्याकडे आणि तिथून प्लॉटिंगवाल्याकडे जातो. पूर्ण फोल्डरच कॉपी करायची सवय, त्यामुळे एका ऑफिसची लागण दुसऱ्याला व्हायला दिवस पुरतो. आपल्या लिस्प फाईली एका ठराविक फोल्डरमध्ये ठेवा, ऑप्शन्समध्ये जाऊन तो सपोर्ट पाथ आणि ट्रस्टेड लोकेशन्स या दोन्हींत घाला, आणि सिक्युअरलोड 1 वरच राहू द्या.

मेसेज वाचून आधीच बदल केले असतील तर कमांड लाइनवर कंसात फाइंडफाइल आणि त्यापुढे दुहेरी अवतरणात अकॅड.एलएसपी हे फाईलचं नाव लिहून एंटर मारा. ऑटोकॅडला ती फाईल कुठे सापडते त्याचा पूर्ण पत्ता येतो, नसेल तर ‘निल’. पत्ता एखाद्या साइटच्या फोल्डरचा निघाला आणि फाईल तुम्ही लिहिलेली नसेल, तर ऑटोकॅड बंद करा, ती नोटपॅडमध्ये उघडून बघा आणि ज्यांच्याकडून फोल्डर आला त्यांना लगेच फोन करा.