दिसली म्हणजे गेली असं नाही

‘व्हिडिओ लॅरिंगोस्कोपच्या पडद्यावर स्वरयंत्र स्पष्ट दिसतं, त्यामुळे श्वासनलिकेत नळी सहज जाते’ हे घशात घालायच्या या कॅमेऱ्याच्या उपकरणावरच्या लेखातलं वाक्य भूलतज्ज्ञ म्हणून खटकलं. जास्त वाकलेल्या पात्याच्या उपकरणात कॅमेरा वळणापलीकडचं दाखवतो. नळीला मात्र ते वळण स्वतःच घ्यावं लागतं. स्टायलेट (नळीच्या आतली ताठ तार) त्याच आकारात वाकवून घातलेला नसेल, तर स्वरतंतू समोर दिसत असूनही नळीचं टोक अडतं. शिवाय शिकाऊ डॉक्टरांची नजर पडद्याला चिकटते आणि नळी आंधळेपणानं आत सरकते. टाळूला, टॉन्सिलजवळ इजा होते ती तिथेच. टोक आत दिसेनासं होईपर्यंत तोंडाकडे बघा, हे मी रोज सांगते.

मॅकिंटॉशसारख्या, म्हणजे नेहमीच्या कमी वाकलेल्या पात्याच्या व्हिडिओ उपकरणावर हात नेहमीच्या लॅरिंगोस्कोपसारखाच चालतो, तरी लेखात दोन्ही प्रकार एकाच तागडीत टाकलेत. बाकी, या उपकरणांनी नळी घालणं कमी वेळा फसतं हा लेखाचा निष्कर्ष मान्य. वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यातही प्रौढांमध्ये व्हिडिओ उपकरणांनी फसलेले प्रयत्न कमी होतात असंच दिसलं. पण नळी जागेवर आहे याची खात्री पडदा देत नाही, श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख देतो. त्याचा उल्लेखच नाही!